इम्पेलर नवा, स्ट्रेनर साफ, तरी २२०० आरपीएमच्या वर इंजिन तापतं

उलटा_वारा | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे टाकतोय.

फायबरची बोट, ३० हॉर्सपॉवरचं ३ सिलिंडरचं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल. आत गोड्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं सर्किट. बाहेरचं खारं पाणी सी-कॉक (तळाचा पाण्याचा कॉक), स्ट्रेनर (गाळणी), पंप (आत फिरणारं रबरी पात्यांचं चाक म्हणजे इम्पेलर), हीट एक्सचेंजर (इथे नळ्यांतलं खारं पाणी कूलंटची उष्णता उचलतं) असं फिरून एक्झॉस्टच्या एल्बोत (धुराच्या वाकड्या जोडपाइपात) मिसळतं आणि धुरासोबत मागून बाहेर पडतं. नेहमीचीच मांडणी.

तक्रार अशी: १८०० आरपीएमपर्यंत तापमानाचा काटा ८० अंशांवरून हलत नाही. २२०० च्या पुढे नेलं की दहाएक मिनिटांत ९५, आणि अलार्म बोंबलायला लागतो. थ्रॉटल खाली घेतला की पाच मिनिटांत गडी पुन्हा शांत. मागून पाणी येतंय, येत नाही असं नाही. पण पूर्वी भसाभस फेकायचं तसं आता वाटत नाही.

आतापर्यंत इम्पेलर नवा टाकला, स्ट्रेनर धुतला (थोडं शेवाळ निघालं), पंपाचा बेल्ट ताणला, कूलंट बदललं. नवा थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की एक्सचेंजरकडची वाट उघडणारी झडप) आणून ठेवलाय. तो बसवू, की आधी हीट एक्सचेंजर उतरवू?

घाईत_आहे | रविवार, रात्री ९:२५

थर्मोस्टॅट काढूनच टाका. मी दोन वर्षं विनाथर्मोस्टॅट चालवतोय, काही होत नाही.

पाना_१२_१३ | रविवार, रात्री १०:०२

नका काढू. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तोच काढला तर अर्धं कूलंट एक्सचेंजरला वळसा घालून तसंच गरमागरम परत फिरतं. म्हणजे कमी आरपीएमवर इंजिन थंडगार आणि जोर लावला की आधीपेक्षा जास्त गरम. तपासायचाच असेल तर पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत सोडा, बाजूला थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला की तो निर्दोष. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो.

आता उलटा_वारा, तुम्हाला दोन प्रश्न.

एक. जुना इम्पेलर काढलात तेव्हा त्याला पाती किती होती? सगळी जागेवर होती का? याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही, म्हणून विचारतोय.

दोन. खारं पाणी कमी पडतंय, की पाणी पुरेसं आहे पण उष्णता उचलली जात नाहीये? ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी. ‘पूर्वीसारखं वाटत नाही’ यावर काही ठरवता येत नाही. पाणी मोजायला लागेल. १० लिटरची बादली घ्या, आत लिटर-लिटरच्या खुणा करा. बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन न्यूट्रलमध्ये, १५०० आरपीएम. घड्याळ लावून ३० सेकंद मागच्या एक्झॉस्टखाली बादली धरा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला धरणारा उभा राहू दे, त्या धुरात तोंड घालू नये. मग हाच प्रयोग एक्सचेंजरकडून एल्बोकडे जाणारा होज सोडून, आणि शेवटी पंपाच्या तोंडाशी. होज सोडून चालवताना एक्झॉस्ट कोरडा चालतो आणि पुढचा रबरी पाइप जळू शकतो. म्हणून ३० सेकंद म्हणजे ३० सेकंदच, आणि लोड अजिबात नको.

जिथे आकडा एकदम पडेल तिथे चोर.

उलटा_वारा | रविवार, रात्री १०:३१

पातं गेलं होतं खरं. सहापैकी दोन तुटली होती. एक पंपाच्या आतच सापडलं, दुसरं मिळालं नाही. मला वाटलं मागून निघून गेलं असेल.

पाना_१२_१३ | रविवार, रात्री १०:३४

मागून कुठलं जातंय! एक्सचेंजरच्या नळ्या बोटभरही जाड नसतात. ते पातं नळ्यांच्या तोंडावर चिकटून बसलेलं असणार. गिअरबॉक्सचा ऑइल कूलर वाटेत असेल तर त्याच्या तोंडाशीही बघा.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ७:४५

पाण्याचा हिशोब मांडून देतो, म्हणजे किती लागतं याचा अंदाज येईल. डिझेल इंजिन शाफ्टला जेवढी शक्ती देतं, साधारण तेवढीच उष्णता कूलंटमध्ये सोडतं (आणखी तेवढीच एक्झॉस्टमधून जाते, ती सध्या बाजूला ठेवू). तुम्ही २२०० वर १५ किलोवॉट काढताय असं धरा. समुद्राचं १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४ किलोज्यूल लागतात.

मिनिटाला २० लिटर वाहत असेल तर सेकंदाला ०.३३ किलो. १५ भागिले (०.३३ गुणिले ४) म्हणजे पाणी ११ अंशांनी तापून बाहेर पडेल. तेच पाणी मिनिटाला १० लिटरवर आलं तर २२-२३ अंश. समुद्र २८ अंशांवर असेल तर एक्सचेंजरमधून ५० अंशांवरचं पाणी निघणार. एक्सचेंजरला काम करायला जो फरक हवा असतो, कूलंट ८० आणि खारं पाणी ३०, तोच कमी होत जातो. शिवाय खारं पाणी ५५-६० च्या पुढे गेलं की नळ्यांत क्षार जोरात बसायला लागतात. क्षार बसले की उष्णता आणखी कमी जाते. दुष्टचक्र आहे ते.

होजचं तापमान इन्फ्रारेड गनने घेणार असाल तर चकचकीत पितळेवर किंवा स्टीलवर नेम धरू नका, आकडा खोटा येतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर मोजा.

तिरकं_शीड | सोमवार, दुपारी १:२०

धाग्यात घुसतोय, माफी. माझं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) आहे. बाजूच्या भोकातून जी पाण्याची बारीक धार येते ती अगदी सुतळीसारखी झालीय. माझाही इम्पेलर गेला का?

पाना_१२_१३ | सोमवार, दुपारी १:५५

आधी इंजिन बंद करून त्या भोकात ट्रिमरची नायलॉन दोरी किंवा बारीक तार घाला. बहुतेक वेळा वाळू नाहीतर मिठाचा खडा असतो. ती धार म्हणजे मुख्य पाण्याला फुटलेली छोटी फांदी. धार आली म्हणजे पंप जिवंत आहे एवढंच कळतं, पूर्ण इंजिनात पाणी फिरतंय याची खात्री ती देत नाही. आणि उलटही खरं: धार बंद आहे पण इंजिनात पाणी नीट आहे असंही होतं. भोक साफ करूनही धार मरतुकडीच राहिली, तर मात्र खालचा गिअरकेस उतरवून इम्पेलर बघा. जमिनीवर तपासायला म्हणून कोरडं सुरू करू नका, काही सेकंदांत पाती भाजून निघतात.

पुढचं नव्या धाग्यात विचारा, नाहीतर इथली खिचडी होईल.

उलटा_वारा | बुधवार, रात्री ८:४०

सापडलं!!

काल एक्सचेंजरचं पुढचं झाकण उघडलं. अर्धं पातं आडवं होऊन तीन-चार नळ्यांवर बसलेलं, जणू झाकणच लावलंय. आणि सोबत बोनस: जुन्या झिंकचे (बाकी धातूऐवजी गंज स्वतःवर घेणारी जस्ताची कांडी) तुकडे. झिंकची पेन्सिल खाऊन खाऊन बारीक झालेली, तिचं टोक मोडून आत पडलं होतं. ते दोन नळ्यांत रुतलेलं. लाकडाची गोल काडी घालून हळूच मागे ढकललं. बाकी नळ्यांत पांढरट थर होता पण पातळ. नवं झिंक, नवे ओ-रिंग (झाकणाच्या रबरी कड्या), सगळं बंद केलं. उद्या लांब पल्ल्याला जातो, मग कळवतो. पाना_१२_१३, तुमचे आभार मानावे तेवढे कमीच.

घाईत_आहे | बुधवार, रात्री ८:५२

अभिनंदन. धागा बंद करायला हरकत नाही.

पाना_१२_१३ | बुधवार, रात्री ९:१५

बादली धरलीत का?

उलटा_वारा | गुरुवार, रात्री १०:०५

नाही धरली. आणि आता लाज वाटतेय.

आज २२०० वर अर्धा तास चाललो, काटा ८४. खूश झालो, २५०० केलं. सात मिनिटांत ९४. अलार्म. म्हणजे फरक पडला, पण दुखणं गेलं नाही.

इंजिनरूम | गुरुवार, रात्री १०:४०

मध्येच बोलतो. माझ्या बोटीवर हुबेहूब असंच होतं, तेव्हा घोळ इम्पेलरच्या पोटात निघाला. पाती सगळी ठणठणीत, पण रबर आणि मधला पितळी बुश यांचा सांधा सुटला होता. हळू फिरताना रबर बुशसोबत फिरायचं, वेग वाढला आणि दाब आला की बुश आत गोल फिरायचा आणि रबर तिथल्या तिथे. बाहेरून बघून अजिबात कळत नाही. इम्पेलरच्या चपट्या बाजूला रबर ते पितळ अशी मार्करने एक सरळ रेघ मारा, बसवा, जोरात चालवा, परत काढून बघा. रेघ तुटली असेल तर इम्पेलर फेका. नवा असला तरी फेका.

दुसरं, पंपाचं झाकण काढलंत तेव्हा आतल्या बाजूला गोल चरे होते का? नख अडकत असेल एवढे चरे म्हणजे पाणी पात्यांच्या कडेने मागे पळतं. बऱ्याच पंपांचं झाकण उलटून लावता येतं, बाहेरची बाजू गुळगुळीत असते. बसवताना पात्यांना ग्लिसरीन लावा. डिझेल, ऑइल, साधं ग्रीस अजिबात नको, निओप्रीन फुगतं.

तिरकं_शीड | शुक्रवार, सकाळी ९:१०

सक्शनला (पाणी ओढायच्या बाजूला) हवा खात नसेल ना पंप? स्ट्रेनरचं झाकण पाण्याच्या पातळीच्या वर असलं तर ओ-रिंग वाळल्यावर गळती दिसत नाही. पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. (माझ्या भोकात वाळूच होती. आभार.)

पाना_१२_१३ | शुक्रवार, सकाळी ९:४५

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. तिसरी मी घालतो: सक्शनचा होज आतून सुटलेला. बाहेरून धडधाकट दिसतो, आतलं अस्तर सोलून पडद्यासारखं लोंबतं आणि ओढ वाढली की तोंड मिटतं. चौथी: तळाच्या जाळीवर बार्नॅकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे समुद्री जीव). पाचवीही सांगता येईल. पण अशी यादी करत बसलो तर हा माणूस अख्खी बोट सुटी करेल. सक्शनची सगळी भानगड एका झटक्यात तपासता येते. स्ट्रेनरपासूनचा होज काढून चांगला जाड, तार असलेला होज पंपाला लावा आणि दुसरं टोक पाण्याने भरलेल्या पिंपात सोडा. आकडा वाढला तर दोष पंपाच्या आधी, तेवढाच राहिला तर नंतर.

होज काढण्याआधी सी-कॉक बंद, आणि बंद केला की इंजिनची किल्ली सी-कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवायची. किल्ली हातात घेतली की कॉक उघडायचा आठवतो. हसू नका, कॉक बंद ठेवून इंजिन सुरू करणारे मी पाच-सहा बघितलेत, त्यातला एक आरशात.

उलटा_वारा | शनिवार, संध्याकाळी ६:२०

झालं एकदाचं. मेहुण्याला बादली दिली, मी थ्रॉटलवर. सगळं १५०० आरपीएमवर, ३० सेकंद, प्रत्येक वेळी दोनदा.

मागच्या एक्झॉस्टला: साडेचार लिटर.
एल्बोच्या आधी होज सोडून: ९ लिटर.
पंपाच्या तोंडाशी: १० ला थोडं कमी.
पिंपातून सक्शन देऊन, परत मागे एक्झॉस्टला: साडेचारच.

इम्पेलरवर रेघही मारली होती, ती शाबूत. झाकणावर बारीक चरे आहेत पण नख अडकत नाही.

आणखी एक गंमत. एक्झॉस्टला १८०० वर मोजलं तर पाच. २२०० वर पाच आणि वर एखादा पेलाभर. वाढतच नाही!

आकडेमोड | शनिवार, संध्याकाळी ६:४८

म्हणजे मिनिटाला १० लिटरच्या आसपास अडकलंय. वर मी दुसरा आकडा मांडला होता, नेमका तोच. २२०० ला कसंबसं निभतं, २५०० ला उष्णता वाढते आणि पाणी तेवढंच.

पाना_१२_१३ | शनिवार, संध्याकाळी ७:१०

चोर एल्बोत आहे. एक्सचेंजरपर्यंत पाणी बरोबर येतंय, एल्बोतून अर्धंच पुढे जातंय.

आणि २२०० ला पाणी का वाढत नाही तेही यातून कळतं. इम्पेलरची पाती रबरी. पुढे अडथळा नसेल तर आरपीएमच्या प्रमाणात पाणी वाढतं. पुढे तोंड आवळलेलं असेल तर दाब वाढतो, पाती दाबाखाली दुमडतात आणि पाणी त्यांच्यावरून उलटं घसरतं. जितकं जोरात फिरवाल तितकं जास्त घसरेल.

आता मागे जाऊन आठवा: तुमची पाती तुटली कशाने? इम्पेलर सतत कोंडलेल्या पाण्यावर डोकं आपटत होता. म्हणजे आपण ज्याला आरोपी धरलं तो फिर्यादी निघाला. यापूर्वीही इम्पेलर लवकर गेला होता का?

उलटा_वारा | शनिवार, संध्याकाळी ७:३२

गेला होता. गेल्या हंगामात. आणि त्याच्या आधी एकाच इम्पेलरवर चार वर्षं काढली होती. तेव्हा मी माल हलका लागला म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या.

इंजिनरूम | शनिवार, रात्री ८:१५

एल्बो उतरवताना घाई करू नका. त्याचे स्टड (तो ज्यांवर नटांनी आवळलेला असतो ते आट्यांचे दांडे) म्हणजे गंजाचे खांब. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारत राहा. नट सुटत नसेल तर उलटा जोर लावत बसण्याऐवजी आधी किंचित आवळा, ‘टक्’ असा आवाज आला की मग सोडवा. नवं गॅस्केट हाताशी ठेवा, जुनं परत वापरायचं नाही.

उलटा_वारा | मंगळवार, रात्री ९:५०

एल्बो बाकावर आहे आणि मी त्याच्याकडे बघत बसलोय.

चार स्टडपैकी तीन सुटले, चौथा मोडला. तो दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागला, त्याची कथा नको. पाणी शिरायची जी तोटी आहे तिच्यात पेन्सिल घातली, एक इंचावर अडली. टॉर्च मारून बघितलं तर आत चारी बाजूंनी तांबूस-काळी खपली दाटून आलेली, मधे वाटाण्याएवढी वाट. धुराच्या बाजूने काजळी आणि मीठ एक होऊन दगड झालाय. स्क्रू ड्रायव्हर ठेवून हळू ठोकलं तर पापुद्रे कौलाच्या तुकड्यांसारखे निघाले, मूठभर. हाताला वास अजून येतोय, दोनदा साबण लावून.

प्रश्न: आम्लात टाकून साफ करून परत बसवू का? नवा एल्बो स्वस्त नाही.

पाना_१२_१३ | मंगळवार, रात्री १०:२०

आधी आतली भिंत बघा. एल्बोमध्ये पाण्याची वाट आणि धुराची वाट यांच्यात एक पडदा असतो. खपली उतरवल्यावर एका बाजूला अंधारात टॉर्च धरा आणि दुसरीकडून डोकवा. कुठेही ठिपक्याएवढाही उजेड दिसला तर एल्बो भंगारात. पडदा फुटला की इंजिन बंद असताना पाणी उलट इंजिनकडे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पुढच्या खेपेला स्टार्टर मारला की पिस्टनच्या वर पाणी, पाणी काही दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग एल्बोची किंमत आठवून रडू येईल.

पडदा शाबूत असेल तर साफ करता येतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, चष्मा-हातमोजे घालून, उघड्या हवेत. पण खपली निघाल्यावर धातू किती उरलाय तेही पाहा. हातोडीने हलकं वाजवा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर विश्वास ठेवू नका.

जाता जाता: इंजिन सुरू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारताना सी-कॉक बंद ठेवा आणि सुरू होताक्षणी उघडा. इंजिन पेटलं नाही तरी पंप फिरतोच, पाणी सायलेन्सरमध्ये साठत जातं आणि बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. शेवटी तेही सिलिंडरकडेच निघतं.

उलटा_वारा | बुधवार, सकाळी ८:०५

उजेड दिसला. दोन ठिकाणी. एक तर चांगला तांदळाच्या दाण्याएवढा.

नवा मागवतोय, स्टेनलेस स्टीलचा.

घाईत_आहे | बुधवार, सकाळी ८:३०

बापरे. माझाही उतरवून बघतो. नऊ वर्षांत हात लावलेला नाही.

(थर्मोस्टॅटही आणतो.)

उलटा_वारा | दुसरा रविवार, संध्याकाळी ७:४०

नवा एल्बो बसला. मागच्या एक्झॉस्टला १५०० वर ३० सेकंदांत पावणेनऊ लिटर. १८०० वर दहाच्याही वर, बादली भरून वाहिली म्हणून मेहुणा ओरडला. २५०० वर पाऊण तास चाललो, काटा ८२. मागचा आवाजही बदललाय, आधी कोरडा खोकला होता, आता भरल्या घशाने गुळण्या.

आकडेमोड, एल्बोच्या आधीच्या होजच्या जोडावर टेप लावून मोजलं: ४१ अंश. समुद्र २९.

आकडेमोड | रविवार, संध्याकाळी ८:०२

१२ अंशांचा फरक. कागदाशी जुळतंय.

पाना_१२_१३ | रविवार, संध्याकाळी ८:१५

हे सगळे आकडे इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, तारखेसकट. आरपीएम, लिटर, अंश. दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा बादली धरा. सातवर आलं की समजा पुन्हा कुठेतरी खपली धरतेय.

उलटा_वारा | रविवार, संध्याकाळी ८:२१

लिहिले. फक्त एक अडचण, बादली घरच्यांनी परत मागितलीय आणि खुणा पर्मनंट मार्करच्या आहेत.